दुपारचा समुद्र

समुद्र आणि हवा यांची सोयरीक जुळवायचं काम प्रणाली खवणेकरकडे आलं, तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली आणि बिनलग्नाची होती. हा विनोद हवामान केंद्रातल्या प्रत्येकाने निदान एकदा तरी केला. काहींनी पुन्हा पुन्हा केला. प्रणालीने प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं हसून दिलं, कारण ज्यांच्याकडून काम करून घ्यायचं त्यांच्या विनोदांना हसावं लागतं, हे तिला या दोन खात्यांमध्ये राहून पुरतं कळलं होतं.

खाती दोनच. एक हवेचं, एक पाण्याचं. हवेचं मॉडेल म्हणजे सगळ्या वातावरणाचे अदृश्य डबे करायचे, एकावर एक रचायचे आणि या डब्यातला वारा, ऊब आणि ओल शेजारच्या डब्यात किती सरकेल याचा हिशेब यंत्राकडून करून घ्यायचा. समुद्राचं मॉडेलही तसंच, फक्त डब्यांत पाणी. पण ही दोन्ही मॉडेलं वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या माणसांच्या हाताखाली वाढलेली. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. खरा समुद्र आणि खरी हवा मात्र क्षणभरही एकमेकांशी बोलायची थांबत नाहीत. समुद्र वाफ देतो, हवा वारा देते. वाऱ्याने समुद्र घुसळतो, घुसळला की निवतो, निवला की वाफ कमी. कोण कुणाला चालवतं हे विचारू नये, जुन्या जोडप्यांबद्दल विचारत नाहीत तसंच.

म्हणून मधे संगणकाचा एक तिसरा प्रोग्रॅम लिहिला होता. त्याचं काम निरोप्याचं. पाण्याचा निरोप हवेला, हवेचा पाण्याला. हे मधलं काम प्रणालीचं, आणि या सगळ्या जोडगोळीचं केंद्रातलं नाव ‘सोयरीक’.

गेल्या काही वर्षांत सोयरीक चांगलीच वयात आली होती. तीन आठवड्यांनंतर कोकणच्या कुठल्या पट्ट्यात समुद्र उठेल ते ती सांगायची. बंदरं तिच्यावर चालत, विमा कंपन्या तिच्यावर चालत, विसर्जनाचे मंडप कुठे घालायचे ते मंडळंसुद्धा तिला विचारून ठरवत. आणि चुकली की लोक तिला शिव्या द्यायचे, म्हणजे ती घरातलीच झाली होती.

रोज रात्री आठला प्रणाली पुण्याहून आईला फोन करायची. आई, मंदाकिनी, सत्तरीची, मालवणच्या खाली झरीबंदर नावाच्या, मासेमारी करणाऱ्या गाबतांच्या वाडीत एकटी राहायची.

“जेवलंस?” आई विचारायची.

“जेवलंय. तू?”

“जेवलंय. बरां आसा सगळा. ठेव आता, बिल वाढता.”

बिल वाढायचे दिवस जाऊन जमाना झाला होता, पण आईला फोन ठेवायला कारण लागायचं. फोन ठेवला की प्रणाली आईच्या मनगटातल्या कड्याने पाठवलेला निरोप वाचायची. नाडी, झोप, ताप, चाल, सगळं मोजून ते कडं रोज एकच ओळ पाठवायचं. ‘दिवसभराची सरासरी: उत्तम.’ ती ओळ वाचून प्रणालीला शांत झोप लागायची. मुलगी म्हणून आपण कुठे कमी पडत नाही, हे मोजून सांगणारं यंत्र हाताशी असलं की झोप लागतेच.

*

नवरात्र नुकतं बसलं होतं. दसऱ्यानंतरच्या दिवसांचा अंदाज सोमवारी बाहेर जायचा होता, आणि क्षीरसागरांच्या खोलीत पंखा पूर्ण वेगात असूनही कुणाला बरं वाटत नव्हतं.

क्षीरसागर केंद्राचे प्रमुख. आडनावात सागर असून माणूस हाडाचा हवेवाला. पाण्याच्या खात्याविषयी ते सासरच्या माणसांविषयी बोलावं तसं आदराने आणि अंतर ठेवून बोलत.

“नेहमीची सोयरीक काय म्हणतेय?” त्यांनी विचारलं.

“समुद्र शांत,” प्रणाली म्हणाली. “दसऱ्यानंतर सबंध पंधरवडा शांत.”

“आणि तुझी?”

प्रणालीची म्हणजे तिने गेलं वर्षभर बाजूला चालवलेली. नेहमीच्या सोयरीकीत हवा आणि पाणी यांची गाठ दिवसातून एकदाच पडायची. ही पद्धत जुनी होती. समुद्र जडशीळ, त्याला हलायला वेळ लागतो; त्याला दर तासाला काय विचारायचं, दिवसाची सरासरी काढून एकदा सांगितली की पुरे, असं पाण्याच्या खात्यातल्या कुणी जाणत्याने कधीतरी ठरवलं. तेव्हा यंत्रं हळू होती, ते बरोबरही होतं. मग यंत्रं वेगाने धावू लागली, ठरवणारा निवृत्त झाला, आणि पद्धत तशीच राहिली. देव्हाऱ्यात एखादा न ओळखू येणारा टाक असतो, आणि आजीने ठेवला म्हणून सगळे त्याला हळदकुंकू लावत राहतात, तसं.

प्रणालीने गाठ दर तासाला घालून पाहिली होती. शिवाय समुद्राचा सगळ्यात वरचा डबा एकावर एक उभी दोन माणसं बुडतील इतका जाड होता, तो कापून पातळ केला होता.

“माझी म्हणते, दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात अरबी समुद्रात वादळ बनेल,” ती म्हणाली. “आणि मालवणच्या अंगाने जाईल.”

“कशावरून?”

“दुपारवरून.” मग तिने नीट सांगितलं. “ऑक्टोबरात वारा पडलेला असतो. अशा दिवशी ऊन वरच्या हातभर पाण्यातच अडकतं. दुपारी तो थर दोन-तीन अंशांनी तापतो. संध्याकाळी वारा सुटतो, पाणी घुसळतं, थर मोडतो. दिवसाची सरासरी काढली की दुपार पुसली जाते आणि समुद्र आपल्याला थंड डोक्याचा दिसतो. पण हवेला ती दुपार भेटलेली असते, सर. रोज दुपारी ती जास्तीची वाफ उचलते. आठ-दहा दिवस असं झालं की वादळाला लागणारी सगळी ओल वर जमलेली असते.”

क्षीरसागरांनी पंख्याकडे पाहिलं. “दोन वर्षांपूर्वी आपण वादळ सांगितलं होतं. आठवतं?”

ते केंद्रात कुणी विसरलं नव्हतं. नेहमीच्या सोयरीकीने ऐन बांगड्याच्या दिवसांत वादळ वर्तवलं, किनारा घरी बसला, आणि समुद्र तेलासारखा गुळगुळीत राहिला. बांगडा बाहेरच्या ट्रॉलरांनी नेला.

“आता पुन्हा सांगायचं, तेही एका बाजूला चालवलेल्या प्रयोगावरून, आणि खोटं पडलं तर पुढे दहा वर्षं कुणी आपलं ऐकणार नाही. खरं वादळ आलं तरी.” त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “एक विचारू? राग मानू नकोस. तुझी आई तिथेच असते ना?”

“हो.”

“म्हणून तर तुला तिथे वादळ दिसत नाहीये?”

प्रणालीला राग आला, पण प्रश्न रास्त होता, म्हणून जास्तच आला. “सोमवारपर्यंत सांगते,” म्हणून ती उठली.

जागेवर येऊन तिने पाणी प्यायलं. मग, राग असला की माणूस हाताशी येईल ते उघडतो, तसं आईच्या कड्याचं पान उघडलं. ‘दिवसभराची सरासरी: उत्तम.’ ती त्या ओळीकडे बघत राहिली. वर्षभर जी सरासरीशी भांडत होती, ती बाई रोज झोपताना सरासरीच वाचत होती. तिने कोपऱ्यातली बारीक खूण दाबली. तासातासाचा तपशील उघडला.

सकाळ सपाट. संध्याकाळ सपाट. आणि दुपारी दोननंतर आईची नाडी अंगणातल्या कोंबडीमागे कुत्रा लागावा तशी उसळलेली. कालही, परवाही. नारळी पौर्णिमेपासून, रविवार सोडून, रोज दुपारी. संध्याकाळी पुन्हा सपाट, सरासरी उत्तम.

रात्री आठला तिने फोन केला. आवाज होता होईतो साधा ठेवला.

“दुपारी काय करतंस गो तू?”

“दुपारी काय करतत? आडवी पडतंय,” आई म्हणाली. “बरां आसा सगळा. ठेव.”

*

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीने ती निघाली आणि घाट उतरून दुपारी झरीबंदरात पोचली. घराला कुलूप होतं. शेजारच्या ओसरीवरून आवाज आला, “आवस तुझी वेळेवर गेली हा.” वेळ म्हणजे किनारा, पण प्रणालीला ‘आई गेली’ एवढंच ऐकू आलं.

गाडीत तिने जे काही मनात आणायचं नाही म्हणून ठरवलं होतं ते सगळं एकदम आलं. “खंय गेली?”

“आणि खंय? रापणीक.”

माडांच्या मागे किनारा पांढरा तापलेला होता. रापण म्हणजे गावाचं सामाईक जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते आणि त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन टोळ्या ओढतात, एकमेकींपासून लांब उभ्या राहून. जाळं जवळ येईल तशा टोळ्याही ओढता ओढता जवळ सरकतात. जो दोराला हात लावेल त्याला वाटा. पूर्वी ओढायला पुरुष असत. आता निम्मे पुरुष गोव्यात नि मस्कतला, त्यामुळे दोरावर बायका होत्या, आणि उत्तरेकडच्या दोरावर तिसरी, कासोटा मारलेली, टाचा वाळूत रुतवून मागे रेललेली, तिची आई होती.

आईने तिला पाहिलं. दोर सोडला नाही.

“कोण मेला काय?”

“नाय.”

“नोकरी गेली?”

“नाय गो.”

“मगे हंय कित्याक इलंस? आणि इलंसच तर उभी कित्याक? धर.”

प्रणालीने पर्स वाळूत टाकली आणि दोर धरला. पुढची अर्धी घटका बोलायला श्वास उरला नाही. दोन्ही टोळ्यांच्या मधे तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या बावा मेतर, उभा होता. एका टोळीची ओढ जास्त झाली की तो हात वर करायचा, दुसरीला हाळी द्यायचा. प्रत्येक ओढीला हाळी. एक बाजू पुढे गेली की जाळं तिरपं होतं आणि मासळी निघून जाते, हे प्रणालीला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. त्याचा आपल्या कामाशी काही संबंध आहे, हे मात्र तिला पुण्यात पगार घेऊन इतकी वर्षं सुचलं नव्हतं. तिला स्वतःचं हसू आलं. मग कंबर धरली आणि हसू गेलं.

जाळ्यात तारली मासळी होती, फार नव्हती. आई पाण्याच्या कडेला बसली. मनगटातल्या कड्यावरची लाल खूण लुकलुकत होती.

“ह्यां रोज करतंस?”

“आयतवारी नाय.”

“माका रोज सांगतंस, बरां आसा, बरां आसा.”

“मगे? बरां नाय काय?” आईने पदराने मान पुसली. “तू सांजेक इचारतंस, मी सांजेचा सांगतंय. सांजेक मी बरीच आसतंय. दुपारचा तू कधी इचारलंस?”

“काल इचारलंय ना.”

“काल पोलीस इचारता तसा इचारलंस. तेका खरा कोण सांगता?”

प्रणालीने चपला काढल्या आणि पाण्यात शिरली. वारा पडलेला, पाणी थाळीसारखं. पोटरीपर्यंत ऊन ऊन लागत होतं. जरा पुढे जाऊन कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली, तेव्हा वर अंघोळीचं पाणी आणि पावलांशी गारवा. हा थर तिने वर्षभर आकड्यांत पाहिला होता, त्याचे आलेख भिंतीवर लावले होते. लहानपणी याच थरात ती तासन् तास डुंबत होती आणि आई काठावरून ओरडत होती. अंगाला तो आठवत होता, तिलाच उशिरा आठवला.

“कपडे भिजले मा गो,” आई काठावरून म्हणाली.

*

खरी भीती तिला त्यानंतर कळली. दसरा झाला की झरीबंदरची रापण खाडीपलीकडच्या दांड्यावर जायची. दांडा म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची लांब जीभ. बांगडा तिथे काठाशी येतो. महिनाभर तिथेच खोपी घालून राहायचं, जाळी तिथे, चुली तिथे, साठेक माणसं. समुद्रसपाटीपासून उंची म्हणाल तर माणसाच्या गुडघ्याइतकी. यंदा स्वयंपाकाला आणि दोराला मंदाकिनीबाईही जाणार होत्या.

संध्याकाळी होडीच्या सावलीत सगळे बसले तेव्हा प्रणालीने सांगितलं. दोन मॉडेलं आहेत, दोन वेगळी सांगतात, मला दुसरं खरं वाटतं.

बावा मेतर ऐकून घेणारा माणूस होता, म्हणून त्याने आधी ऐकून घेतलं.

“बाये,” तो म्हणाला, “दोन वर्सांमागे तुझ्या केंद्रान आमका घरात बसवल्यान. समुद्र कसो होतो म्हायत आसा? तेलासारको. आता आमच्याकडे कोणाचा ठरलेला लगीन मोडला की म्हणतत, पुण्याचा तुफान झाला. आवताण इला, व्हराड काय इला नाय.”

बायका हसल्या. प्रणालीची आईही हसली, जरा जास्तच.

“ह्या टायमाकही तसाच होयत,” प्रणाली म्हणाली. “मी छातीठोक नाय सांगूचंय. आज सांगतंय ता उद्या बदलात.”

“मगे सांगतंस कित्याक?”

“म्हणूनच.” तिने वाळू हातात घेतली, सोडली. “गेल्या वेळी आमी एकदाच सांगितला आणि गप बसलो. तुमी एकदाच ऐकलास आणि घरात बसलास. बावाकाका, तुमी रापण कशी ओढून घेतास? सुरवातीक एक हाळी देऊन घराक जातास काय? आता रोज दुपारी मी फोन करतलंय. तुमी थंयचा समुद्र कसो आसा ता सांगायचा, मी यंत्र काय म्हणता ता सांगतलंय. दांड्यावर जावा. पण होडये खाडीच्या बाजूक ठेवा, समुद्राच्या नाय. खोपी हलक्यो बांधा. निघाचा म्हटला तर एका दुपारात निघाक व्हया.”

बावाने आईकडे पाहिलं. “काय गो मंदा?”

“माका काय इचारतंस? चेडू माझा आसा, तुफान तिचा आसा.” मग आई म्हणाली, “पण फोन मी उचलतलंय. तुका आयकाक येना नाय.”

त्याच संध्याकाळी प्रणालीने क्षीरसागरांना फोन लावला. मागे लाटांचा आवाज होता. तिने सांगितलं की सोमवारच्या अंदाजात दोन्ही शक्यता लिहा, आणि त्यानंतर रोज नवा काढा, तासातासाच्या सोयरीकीवरून.

“दोन तोंडांचा अंदाज?” क्षीरसागर म्हणाले. “लोक हसतील.”

“हसतातच आहेत, सर. पुण्याचं तुफान ही इथे म्हण झालीय.” तिने ती ऐकवली. पलीकडून हसू दाबल्यासारखा आवाज आला. “सर, आपण समुद्राशी दिवसातून एकदा बोलतो, म्हणून त्याची दुपार आपल्याला कळत नाही. आणि माणसांशी तर तीन आठवड्यांतून एकदा बोलतो. तेही सरासरी.”

“यंत्र किती खाईल माहितीये?”

“आहे. पाण्याच्या खात्याचा वेळ मागावा लागेल.”

“म्हणजे मी त्यांच्याकडे हात पसरायचे.”

“मी मधे आहेच की,” प्रणाली म्हणाली. “त्याचाच पगार घेते.”

“आणि तुझी आई?”

“दांड्यावर जातेय. तुम्ही बरोबर विचारलंत, सर. आई आहे म्हणूनच मला दिसलं. पण वादळ तिथे आहेच.”

क्षीरसागरांनी खाकरून घसा साफ केला. “अंदाजाखाली तुझं नाव जाईल. एकटीचं नाही. माझंही घालतो. आडनावात सागर आहे, एकदा तरी उपयोग होऊ दे.”

*

दसरा झाला, रापण दांड्यावर गेली आणि रोज दुपारी पुण्याहून फोन सुरू झाले.

पहिले काही दिवस आई सांगायची, वारा नाय, पाणी तापलेला, बांगडो बरो. प्रणाली सांगायची, अजून काही नाही, पण ओल साठतेय. मग आई सविस्तर सांगू लागली. कुणाचं कुणाशी वाजलं, कोण मीठ जास्त घालतं, बावाचा उजवा कान गेलाय पण तो कबूल करत नाही. वर्षानुवर्षं ‘बरां आसा’मधे दाबून बसवलेलं सगळं दुपारच्या फोनमधून बाहेर येऊ लागलं, आणि प्रणालीच्या लक्षात आलं की आपली आई फार बोलकी बाई आहे. तिला कुणी योग्य वेळी विचारलं नव्हतं, इतकंच. रात्री आठचा फोन आपोआप बंद पडला.

केंद्रात सोयरीक दिवसरात्र पळत होती. पाण्याच्या खात्याने वेळ दिला, कुरकुर करत दिला, आणि मग वरचा पातळ थर बघायला तेच प्रणालीच्या पडद्याभोवती गोळा होऊ लागले. वादळाची खूण आधी पुसट होती, मग ठसठशीत झाली. आणि एका दुपारी ती सरकली. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी येणारं वादळ दोन दिवस अलीकडे आलं.

प्रणालीने फोन लावला. पलीकडे एवढा गलका होता की आईचा आवाज ओळखू येईना.

“आत्ता नको,” आई ओरडली. “जाळा भरला हा. बांगडो, गो. असो बांगडो धा वर्सांत कोणी बघूक नाय.”

“आये, आयक. आज निघाचा.”

“तू परवा निघाचा सांगितलेलंस.”

“ता काल होता. आज आजचा झाला. सांजेपर्यंत वारो फिरतलो. थंय वारो कसो आसा?”

आईने वळून समुद्राकडे पाहिलं असावं. “पडलो हा. एकदम.”

मग फोन बावाच्या चांगल्या कानाशी गेला असावा, कारण त्याचा आवाज आला. “बाये, ह्यो वर्साचो घास आसा. अर्धी रापण पाण्यात आसा. आता सोडून जावचा? आणि तुफान इला नाय तर?”

प्रणालीच्या हातात आकडे होते, पण बावाला आकडा देऊन काय होणार? तिला त्या जाळ्यात उसळणारा बांगडा दिसत होता, वाडीचं अख्खं वर्ष दिसत होतं. खोटं पडलं तर तिला पुन्हा त्या किनाऱ्यावर तोंड दाखवता येणार नव्हतं. खरं पडलं आणि ती आत्ता कचरली, तर तोंड दाखवायला कुणी उरणार नव्हतं.

“इला नाय तर पुढच्या वर्सापासून मी दोरार उभी ऱ्हवतलंय,” ती म्हणाली. “पुण्याक नाय ऱ्हवूचंय. पण आज निघा. जाळ्यात आसा ता ओढा, नवीन टाकू नकात, आणि दिवस बुडाच्या आधी खाडी पार करा.”

फोनवर वारा नव्हता, लाट नव्हती. आईचा आवाज आला, तिच्याशी नव्हे, लांब बायकांकडे तोंड करून, पाण्याच्या घागरीसाठी भांडताना लावायची तसा.

“धरा गो दोर. हसतास काय? सामान बांधा. चेडू माझा रोज खरा बोलला हा, आज खोटा कित्याक बोलात?”

संध्याकाळी सगळी माणसं खाडीच्या अलीकडे पोचल्याचा फोन आला. बांगडा निम्मा आला होता, निम्मा सोडावा लागला होता. रात्रभर आणि दुसरा दिवसभर फोन लागले नाहीत. तिसऱ्या दिवशी केंद्रात उपग्रहाचं चित्र आलं. क्षीरसागरांनी ते मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणि बाजूला सरकून प्रणालीला खुर्ची दिली. दांडा मधोमध तुटला होता. जिथे खोपी होत्या तिथून समुद्र खाडीत शिरला होता आणि निळं पाणी आरामात पसरलं होतं, जणू ते तिथलंच.

वाडीतले माड पडले, दोन घरांची छपरं गेली. माणूस एकही गेलं नाही.

“दुपार मोजली म्हणून,” कुणीतरी म्हणालं. क्षीरसागर म्हणाले, “दुपारी फोन केला म्हणून,” आणि पुढच्या सगळ्या किनाऱ्यांना रोज दुपारी माणसाने फोन करायचा, असा आदेश लिहायला बसले. पाण्याच्या खात्यातून एकाने विचारलं की हे शास्त्रात कुठे बसतं. क्षीरसागर म्हणाले, “मधे.”

*

दिवाळी झाली. समुद्र निवळला. दांडा अजून तुटलेलाच होता, पण रापण वाडीपुढच्या किनाऱ्यावर पुन्हा लागली होती. म्हणही बदलली होती, असं आई सांगायची. आता ठरलेलं लग्न दोन दिवस आधीच उरकून घेतलं की म्हणायचे, पुण्याचं तुफान झालं.

एका दुपारी केंद्रात काम कमी होतं. वादळ नव्हतं, वादळाची खूण नव्हती, सांगण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं. प्रणालीने सवयीने घड्याळ पाहिलं आणि फोन लावला. कड्याच्या पानावर आईची नाडी कोंबडीसारखी पळत होती, आणि ते बघून प्रणालीला आता बरं वाटायचं.

पलीकडून आधी बावाची हाळी आली, मग बायकांचा एकदम लावलेला जोर, मग धापा टाकणारी आई.

“काय गो? तुफान इला?”

“नाय. सहजच केलंय.”

“सहज करूची येळ ही?” आई म्हणाली. “हात गुंतलेले आसत, रापण लागली हा. तासाभरान कर.”